कारणाचा रकाना

सयाजी टर्नरने लेथ बंद केला, फडक्याला हात पुसले आणि सहज विचारलं, "साहेब, औंदा एकशे धाचाच कसा काय? ह्या उंचीच्या हॉइस्टला तुमचा सवाशेचा शाफ्ट असतोय की दरवेळी." जोतीराम भोपळे चहाला कॅन्टीनकडे निघाला होता, शॉपमधून जवळ पडतं म्हणून या वाटेने आला होता, नाहीतर बाहेरूनच गेला असता. तो थांबला. लेथवर धरलेला शाफ्ट अजून गरम होता, कूलंटचं पांढुरकं पाणी त्याच्यावरून निथळत होतं. त्याने क्लिपला लावलेलं ड्रॉइंग ओढून घेतलं. साखर कारखान्याचा ऊस उतरवायचा हॉइस्ट, दोर गुंडाळायच्या ड्रमचा शाफ्ट, नग एक, स्पेअर. व्यास एकशे दहा मिलीमीटर. कोपऱ्यातल्या चौकटीत, जिथे सत्तावीस वर्षं त्याची 'जो. भो.' अशी तिरकी सही असायची, तिथे छापील अक्षरांत 'सिस्टिम' असं होतं. "स्पेअर आहे म्हणजे पहिला कारखान्यावर गेलाय," तो म्हणाला. "गेला की," सयाजी म्हणाला, "दसऱ्याच्या आसपास मीच केलता. चालू हुऊन बी पन्नास दिस झालं असतील. ह्यो जाड करू का? बार हाय एकशे चाळीसचा." जोतीराम म्हणाला, "थांब. हात लावू नको. मी वर बघून येतो." चहा राहिलाच. जिना चढताना त्याच्या लक्षात आलं, की आपण कठडा धरून चढतो आहोत, आणि हा कठडा आपण याआधी कधी धरल्याचं आठवत नाही.

गोकुळ शिरगावच्या या कंपनीत तयार माल असा नव्हताच. जो तो आपल्या मापाने मशीन मागायचा. कुणाला हॉइस्ट उंच हवा, कुणाची जागा अरुंद, कुणाला मोटर डाव्या अंगाला. पूर्वी मार्केटिंगचा माणूस मापं घेऊन यायचा आणि जोतीराम आठ-नऊ दिवस मान मोडून हिशेब करायचा. आता तोच माणूस कारखान्याच्या ऑफिसात टॅब उघडून बसायचा, समोरचे साहेब एकेका गोष्टीवर बोट ठेवायचे, निवड जमली की शेजारी हिरवी खूण यायची, आणि बारा मिनिटांत किंमत, सामानाची यादी, ड्रॉइंगं, सगळं बाहेर पडायचं. जोतीरामने ती ऑर्डर उघडली. उचल चौदा मीटर, हिरवी खूण. ब्रेक ड्रमच्या पलीकडच्या टोकाला, हिरवी खूण. दुप्पट वेग, हिरवी खूण. तो त्या तीन खुणांकडे बघत राहिला. एकेकटी घेतली तर कुठलीच चूक नव्हती. उंच उचलायचं तर दोर जास्त, दोर जास्त तर ड्रम लांब, ड्रम लांब तर शाफ्ट लांब. त्यात वाईट काही नाही. ब्रेक पलीकडे बसवला की थांबायचा प्रत्येक हिसका अख्ख्या शाफ्टमधून जातो, तेही चालतं. वेग दुप्पट केला की तो हिसका जोरात बसतो, तेही चालतं. पहिली दोन एकत्र आली, की शाफ्ट जिथे जाडाचा बारीक होतो त्या खांद्यापाशी लोखंड थकायला लागतं; तिसरीने आणखी लवकर. वरून काही दिसत नाही. आवाज येत नाही. हिशेबाचं पुस्तक एकशे दहा पुरे म्हणतं, आणि पुस्तकाप्रमाणे ते पुरेही असतं. हे जगात किती जणांना ठाऊक असेल ते असो, या इमारतीत ते एकट्या जोतीरामला ठाऊक होतं, आणि ते त्याने सांगितलं नव्हतं.

सांगायला जागा नव्हती असं म्हणायची सोय नव्हती. आठ महिने तेजस्वी त्याच्या समोर खुर्ची टाकून बसली होती. इचलकरंजीची मुलगी, वडील मागाच्या शेडमध्ये जॉबर, माग दुरुस्त करणारे, लहानपणापासून आवाजात वाढल्यामुळे हळू बोलणं तिला जमत नसे. ती सॉफ्टवेअरसाठी एकेक नियम लिहून घ्यायची. अमुक असेल तर तमुक घ्यायचं. आणि प्रत्येक नियमापुढे एक रकाना होता, कारणाचा. "का, सर?" ती विचारायची. सुरुवातीला तो वैतागला. मग एक दिवस त्याला कळलं, की घरातून निघताना आपण आज ती काय विचारेल याचा विचार करतो. सत्तावीस वर्षांत त्याला 'कधी देताय' हे सगळ्यांनी विचारलं होतं. 'का' कुणी विचारलं नव्हतं. तो भरभरून बोलला. बेअरिंगचं तापणं, थंडीत ग्रीसचं घट्ट होणं, वेल्डरने घाई केली की पत्रा कुठे वाकतो, सगळं. सहाशे चौदा नियम झाले. मग एका दुपारी तिने जुनी अकरा ड्रॉइंगं एका रांगेत मांडली आणि म्हणाली, "सर, ह्या सगळ्यांत शाफ्ट हिशेबापेक्षा पंधरा मिलीमीटर जाड आहे. खांद्याची गोलाईसुद्धा जास्त. का?" खिडकीतून ऊन त्या कागदांवर पडलं होतं. तो म्हणाला, "त्या वेळी बाजारात लहान बार मिळत नव्हता. जो मिळाला तो वापरला." तिने विचारलं, "अकराही वेळा?" तो म्हणाला, "हो." तिने मान हलवली, रकान्यात लिहिलं, आणि सिस्टिमने ती अकरा ड्रॉइंगं अपवाद म्हणून बाजूला काढली. त्या वेळी त्याने मनाची समजूत घातली होती, की ड्रॉइंग शेवटी सहीला माझ्याकडेच येणार, तेव्हा हाताने जाड करता येईल. गणपती उठले त्या आठवड्यात मालकांनी, वृषभ मगदूमने, ठरीव पर्यायांतल्या ऑर्डरींना सहीची गरज नाही असं जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जोतीरामनेही वाजवल्या.  उंच हॉइस्ट मागतंय कोण एवढ्यात, असं स्वतःला सांगितलं.

दोन हजार सहा सालच्या जानेवारीत सीमेकडच्या एका कारखान्यावर असाच एक उंच हॉइस्ट पडला होता. हॉइस्ट म्हणजे पूर्ण नव्हे. ड्रमचा शाफ्ट तुटला, दोर सुटला आणि साखळीत बांधलेली उसाची मोळी, ऊस टाकतात त्या गव्हाणीच्या कडेला कोसळली. खाली साखळ्या सोडायला सत्याप्पा नावाचा माणूस उभा होता. जोतीराम तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. ते डिझाइन त्याचं पहिलं मोठं, एकट्याने केलेलं. तो आणि जुने मालक, वृषभचे वडील गोमटेश आण्णा, जीप घेऊन गेले, तेव्हा सत्याप्पाचा देह नेलेला होता, ऊस तसाच पसरलेला होता आणि त्यातला काही ऊस कुणीतरी नीट रचून बाजूला ठेवला होता. तो का रचला असेल हे जोतीरामला अजून कळलेलं नाही. तो शिडीने वर चढला. शाफ्टचं तुटलेलं तोंड बघायला बॅटरी लागली नाही. त्यावर रेषा होत्या, एकीला लागून दुसरी, खांद्याच्या कडेपासून आत सरकत गेलेल्या, गुळगुळीत, काळसर; आणि शेवटी एक खडबडीत चकाकता भाग, रुपयाएवढा, त्या सकाळी तुटलेला. म्हणजे शाफ्ट एका दिवसात तुटला नव्हता. हॉइस्ट चालू झाल्यापासून एकाहत्तर दिवस भेग आत चालत होती. जास्त वजनाने तुटलेलं लोखंड असं दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. खाली येऊन त्याने आण्णांना बाजूला घेऊन सांगितलं. आण्णांनी एकदा वर शिडीकडे बघितलं. मग म्हणाले, "जोतीराम, साठ घरं हाईत आपल्या पाठीमागं. तुकडे जीपमध्ये टाक." कोल्हापुरात परत आल्यावर तुकडे थेट ओळखीच्या फाउंड्रीत गेले. जोतीराम भट्टीपाशी उभा होता. तुकडे आत पडताना काही वेगळं झालं नाही; भंगार पडतं तसेच पडले. चौथ्या दिवशी कारखान्याच्या चौकशीत त्याने लेखी दिलं, की हॉइस्ट क्षमतेबाहेर वापरला गेला. हॉइस्ट चालवणारा गुंडू नावाचा नेसरीकडचा तरणा माणूस समोर बाकावर बसला होता. कागद वाचून दाखवला तेव्हा तो जोतीरामकडे बघत नव्हता, स्वतःच्या तळहाताकडे बघत होता. त्याची नोकरी गेली. त्यानंतर जोतीरामने तशा प्रत्येक हॉइस्टचा शाफ्ट जाड केला. कुणाला काही सांगितलं नाही. अकरा हॉइस्ट, अकराही अजून चालतात, आणि अठरा वर्षं तो मनात एका पारड्यात ते अकरा आणि दुसऱ्यात सत्याप्पाला ठेवत आला होता. काटा कधीच हलला नव्हता.

तो सोमवार तसाच गेला. चार वेळा तो तेजस्वीच्या टेबलापर्यंत गेला. एकदा तिने मान वर करून "काय, सर?" म्हटलंही, त्याने पंचिंग मशीनचं काहीतरी विचारलं. सयाजीला त्याने शाफ्ट बाजूला ठेवायला लावला, कारण सांगितलं नाही, आणि कारण न सांगता काम थांबवणं आपल्याला किती सहज जमतं, याचा त्याला प्रथमच कंटाळा आला. बोटांना कूलंटचा वास होता. दोनदा साबण लावूनही गेला नाही. संध्याकाळी भाग्यश्रीने, त्याच्या बायकोने, लक्ष्मीपुरीतून शाळू ज्वारी आणायला सांगितली होती. तो दुकानाच्या पायरीवर उभा असताना मागे ट्रकवरून हमालाने पोतं टाकलं. धप्प. जोतीराम एकदम बाजूला सरला आणि एका बाईच्या पायावर पाय पडला. "अवो, दिसत न्हाय व्हय?" ती ओरडली. दुसरं पोतं पडलं. त्याला वाटलं, खाली कुणी आहे का हे बघायला हवं. पण तो बघत राहिला वर, ट्रकच्या कडेकडे, जिथून तिसरं पोतं यायचं होतं. घरी भाग्यश्री ताट वाढत म्हणाली, "काय झालंय तुम्हाला? तोंड कसं उतरलंय." तो म्हणाला, "काही नाही." ती म्हणाली, "सत्याप्पा कोण हो?" त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "दुपारी जरा लवंडता की तुम्ही, रविवारी. झोपेत हाक मारता. दोन-तीनदा ऐकलंय मी. म्हटलं असेल कुणीतरी कंपनीतलं." तो म्हणाला, "होता." तिने पुढे विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर सांगितलं असतं का, हे त्याला ठरवता येईना. मोजदाद मात्र डोक्यात आपोआप चालू होती. नवा हॉइस्ट चालू होऊन बावन्न दिवस. तेव्हा एकाहत्तर लागले होते; पण तेव्हा वेग याच्या निम्मा होता.

मंगळवारी दुपारी तो वृषभच्या केबिनमध्ये गेला. आण्णा जाऊन चार वर्षं झाली होती; वृषभ आता चौतिशीत होता, शाळेत असताना सुट्टीत जोतीरामच्या ड्रॉइंग बोर्डाखाली बसून खेळायचा. "या की काका," तो म्हणाला. जोतीराम बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, सत्याप्पापासून भट्टीपर्यंत आणि भट्टीपासून कालच्या शाफ्टपर्यंत. सांगायला दहा मिनिटंही लागली नाहीत. वृषभने मधेच उठून दार लावलं.

"आण्णांना माहीत होतं?"

"आण्णांनीच तुकडे उचलायला लावले. सही मात्र माझी."

वृषभ खिडकीपाशी गेला. खाली ट्रकमध्ये माल भरत होते. "काका, आता असं करू. नियम सिस्टिममध्ये घाला. सवाशेचा शाफ्ट. ते आजच. आणि त्या कारखान्याला आपण सुधारित शाफ्ट देऊ, आपल्याकडून. हंगाम संपला की बदलू."

"हंगाम संपायला अडीच महिने आहेत."

"मधेच हॉइस्ट बंद करा म्हटलं तर ते विचारणार का. तुम्हाला माहिताय ना, बाहेर दोन-दोन मैल ट्रॅक्टर उभे असतात. काय सांगायचं त्यांना? आणि ते जुनं प्रकरण... काका, आण्णा नाहीत आता. त्यांच्यावर का घालायचं?"

"खाली माणसं उभी राहतात, वृषभ."

"तुटेलच असं काही आहे का?"

"नाही," जोतीराम म्हणाला. "तसं कुणालाच सांगता येत नाही."

"मग झालं तर," वृषभ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी सुटका होती, की जोतीरामला त्याची कीव आली. त्याला वाटलं, बाप उभा होता तिथेच, त्याच जागी, हा पोरगा येऊन उभा राहिला आहे, आणि याला आपण तिथे आणून सोडलं आहे. तो केबिनमधून बाहेर पडला, जिना उतरला, पार्किंगमध्ये आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काचा वर घेतल्या. त्या कारखान्याचे चीफ इंजिनिअर उदयसिंह यांचा नंबर त्याच्याकडे होता. पलीकडून आधी कारखान्याचाच आवाज आला, साखळ्यांचा आणि कन्व्हेअरचा, मग माणसाचा.

"बोला भोपळे साहेब!"

"नवा हॉइस्ट बंद करा. आत्ता. मोळी वर असेल तर सावकाश खाली घ्या आणि बंद करा."

"काय मस्करी करताय व्हय? एका जुन्या हॉइस्टवर कसं भागवू मी? शेतकरी फाडून खातील मला."

"शाफ्ट बारीक पडलाय. चूक आमची आहे. माझी आहे. खाली कुणाला उभं राहू देऊ नका."

 मग उदयसिंह म्हणाले, "लेखी द्या. माझ्या मोबाइलवर, तुमच्या नावानं." जोतीरामने तिथेच बसून लिहिलं. तीन ओळी. पाठवायच्या बटणावर अंगठा असताना त्याला कशाचीही आठवण झाली नाही, ना आण्णांची, ना नोकरीची. नुसतं वाटलं, की गाडीत फार उकडतंय.

बुधवारी सकाळी दहाला तो तिथे पोचला. हॉइस्ट उभा होता. शेजारचा जुना एकटाच ओढत होता आणि ट्रॅक्टरची रांग फाटकातून बाहेर वळून डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. लोक शिव्या देत होते, कुणाला ते नक्की नसल्यामुळे सगळ्यांनाच. बंद हॉइस्टखाली सावली पडली होती, आणि तिथे चार बायका उसाच्या गाडीचं जू जमिनीला टेकवून भाकरी खात बसल्या होत्या. एकीच्या मांडीवर पोर होतं. "उठा, मावशी. इथून उठा," जोतीराम म्हणाला. "का वो? बंदच हाय की त्यो," ती म्हणाली. त्याने त्यांची दुरडी स्वतः उचलून पलीकडे नेऊन ठेवली. बायका हसल्या आणि मागोमाग आल्या. वर फिटरांनी ड्रम अर्धा मोकळा केला होता. जोतीरामने खांद्याची जागा रॉकेलने पुसली, भेग असेल तर तिच्यात शिरणारा लाल रंग लावला, दहा मिनिटं थांबला, रंग स्वच्छ पुसून काढला आणि वरून पांढरी पावडर फवारली. शाफ्ट चुन्यासारखा पांढरा झाला. उदयसिंह शेजारी वाकून बघत होते. "काय न्हाय की," ते म्हणाले.  मिनिटभराने, शाफ्टला ड्रमशी जखडणारी चावी बसवायच्या खाचेच्या कोपऱ्यातून एक लाल टिपका वर आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. ते एकमेकांना जुळत गेले आणि खांद्याच्या कडेने एक बारीक लाल रेघ उमटली, दोन बोटं लांब, केसाएवढी. ती अजून लांबत होती. रंगच बाहेर येतो आहे, भेग काही आत्ता वाढत नाही, हे जोतीरामला चांगलं माहीत होतं. तरी त्याने हात मागे घेतला. उदयसिंह हळू आवाजात म्हणाले, "किती दिवस काढलं असतं ह्यानं?" तो म्हणाला, "आठवडा. महिना. काय सांगू?" आपण बरोबर होतो याचा आनंद कुठेतरी असेल म्हणून त्याने मनात चाचपून पाहिलं. नव्हता. जे अठरा वर्षांपूर्वी त्याने मेलेल्या लोखंडावर वाचलं होतं, ते जिवंतपणी असं दिसतं, एवढंच त्याला दिसत होतं. आणि त्या जानेवारीच्या महिनाभर आधी कुणी असा रंग लावला असता तर, हे वाक्य त्याने अर्ध्यावर सोडलं.

गुरुवारी तो तेजस्वीच्या शेजारी खुर्ची घेऊन बसला. तिने नवा नियम उघडला. उचल बारा मीटरच्या वर, ब्रेक पलीकडे, वेग दुप्पट किंवा नेहमीचा. शाफ्ट सवाशे, गोलाई बारा. "कारण, सर?" असं ती या वेळी म्हणाली नाही; कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने एका बोटाने टाइप केलं. कुठल्या साली शाफ्ट तुटला, तो थकून तुटला, सत्याप्पा नावाचा माणूस त्यात गेला, हॉइस्ट चालवणाऱ्या गुंडूची चूक नव्हती, जास्त वजनाचा अहवाल खोटा होता आणि तो मी लिहिला. खाली पूर्ण नाव. तेजस्वीने वाचलं. तिचा चेहरा लाल झाला. "मी तुम्हाला विचारलं होतं, सर," ती म्हणाली. तिचा नेहमीचा मोठा आवाज उतरला होता. "अकराही वेळा का, असं विचारलं होतं." "हो." "आणखी नऊ ठिकाणी तुम्ही हेच सांगितलंय. बाजारात मिळालं ते वापरलं, म्हणून. ते खरं आहे का?" त्याने यादीवरून बोट फिरवलं. काही खरी होती. निदान दोन-तीन. बाकीच्यांत काय होतं, ते त्याला खरोखरच आठवेना. हाताने कधीतरी भीतीने जाड केलेलं, कधी सवयीने, कधी कुणाच्या तरी सांगण्यावरून. त्या नऊ जागांमधून सिस्टिम या क्षणी कुठल्या ड्रॉइंगला काय देत असेल, याचा विचार त्याने सुरू केला आणि मधेच थांबवला. "सगळं थांबव," तो म्हणाला. "ही नऊ परत बघू. एकेक." ती म्हणाली, "वृषभ सरांना विचारावं लागेल." वृषभ स्वतःच आला. त्याने उभ्या उभ्या रकाना वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाला, "काका, ही नऊ तुम्ही तेजस्वीबरोबर बघा. फोनवर बघा. आणि थोडे दिवस घरीच थांबा." रकान्याबद्दल तो काही बोलला नाही. तेजस्वीने मात्र तेवढ्यात सेव्हचं बटण दाबलं होतं.

शनिवारी सकाळी जोतीराम नेसरीला गेला. भाग्यश्रीला सगळं सांगून गेला, तिने ऐकून फक्त "एकटेच जाताय?" विचारलं आणि पाण्याची बाटली दिली. गुंडूची पिठाची गिरणी बाजाराच्या टोकाला होती. तो आता पन्नाशीला टेकला असावा. भुवया, कान, अंगातली बनियन, सगळं पिठाने पांढरं. "कोन पावणं?" त्याने गिरणीच्या आवाजावरून ओरडून विचारलं. जोतीरामने नाव सांगितलं, ते ऐकू गेलं नाही. मग गुंडूने पट्टा सोडवला, मोटर बंद केली आणि अंगणातल्या दोन बायका गप्प झाल्या. "भोपळे," जोतीराम म्हणाला. "कोल्हापूरचा. हॉइस्टवाला." गुंडू त्याच्याकडे बघत राहिला. "बसा की," तो म्हणाला आणि पोत्यावरचं पीठ हाताने झटकलं.

जोतीरामने सांगितलं. या आठवड्यात हे चौथ्यांदा, तरी ते सोपं झालं नव्हतं. गुंडू बोटांवरचं पीठ खरवडत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "मोळी जड हुती, सायेब."

"नव्हती, गुंडू. वजनकाट्याची चिठ्ठी मी बघितली होती. चार टनाच्या आतच होती."

"जड हुती. मला हाताला कळालतं. लिवर असा थरारला. मी म्हटलं बी मनात, आज काय तरी जास्त भरलंय. पर म्हागं गाड्या हुत्या, म्हून उचललं."

"तो शाफ्ट थरारला. आत चिरलेला होता."

"न्हाय, न्हाय," गुंडू मान हलवत राहिला. "मला ठावं हाय की. अठरा वर्सं ठावं हाय. पोरास्नी सांगितलंय, बायकूला सांगितलंय. मी जास्त उचललं." तो थांबला. एक बाई उंबऱ्यापाशी आली होती, तिला त्याने हातानेच लांब केलं. "तुमाला ठावं हाय का, मी दर सालाला सत्याप्पाच्या घरला जातोय. त्येच्या दिसाला. त्येची बायकू हाय, चिमणाबाई. पयली चार सालं तिनं दारात उबं करून घेतलं न्हाय. मी रस्त्याव बसायचा, आन माघारी यायचा. पाचव्या साली पानी दिलं. आता जेवाय वाढती. माज्या हातनं घडलं, आन मी कबूल हुतो, म्हून वाढती ती." त्याने वर बघितलं. डोळ्यांभोवतीचं पीठ ओलं झालं होतं. "आन तुमी आता म्हंताय, माज्या हातनं न्हाय घडलं. मग मी काय खाल्लं तिच्या घरात? सांगा की."

 आपण काहीतरी परत द्यायला आलो आहोत, असं जोतीराम येताना रस्ताभर समजत होता. आता त्याला दिसलं, की या माणसाने त्या खोट्या कागदावर एक अख्खं घर बांधलं आहे, त्यात राहिला आहे, आणि आपण पुन्हा एकदा, दुसऱ्यांदा, त्याच्या डोक्यावरून ते काढून घेतो आहोत. तो म्हणाला, "मला शिव्या दे, गुंडू. मार हवं तर." गुंडूने ऐकलं नाही. तो उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात घातला, पायात चपला सरकवल्या आणि बाहेरच्या बायकांना म्हणाला, "जोंधळं दुपारनं न्या." मग गिरणीचं दार ओढून कडी घातली.

"कुठं निघालास?"

"चिमणाबाईकडं. हितनं अर्धा तास लागतोय. मला जे सांगितलं तेच तिला सांगायचं. तुमच्या तोंडानं. एक शबुद कमी न्हाय."

"आत्ता?"

"मग कवा? अजून अठरा सालांनी?" गुंडू गाडीपर्यंत गेला, दार कसं उघडतं ते त्याला कळेना, जोतीरामने उघडून दिलं. तो बसला. सीटला पीठ लागेल म्हणून दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर उपडे ठेवले.  गावाबाहेर पडल्यावर रस्ता उतरणीला लागला. दोन्हीकडे तोडून झालेली उसाची रानं होती. जोतीराम मनात पहिलं वाक्य शोधत होता. 'वहिनी' म्हणावं की 'बाई', आधी आपलं नाव सांगावं की सत्याप्पाचं घ्यावं, शाफ्ट म्हणजे काय हे तिला कसं कळेल. एकेक वाक्य तो लावून पाहत होता आणि मोडत होता. त्याचे ओठ हलत असावेत. कारण समोर बघत असलेला गुंडू म्हणाला,

"आतापासनं जुळवत बसू नगा, सायेब. तिला जुळवल्यालं लगीच कळतंय."